नदी कोणाच्या बाजूची?

पूर्ण अनोळखी लेखकाचं पुस्तक तुम्ही वाचनालयातून शेवटचं कधी घरी नेलंत?

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. पत्रक पहिल्याच ओळीत आपली बाजू सांगतं. काल मात्र विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या कपाटापुढे मी गोंधळून उभा होतो. सगळे लेखक नवे. एका पुस्तकात नदी गावावर खटला भरते, दुसऱ्यात चंद्रावर पाण्यासाठी रांग लागते. कोणावर विश्वास ठेवायचा?

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक काकू एक पुस्तक मधूनच उघडून वाचत होत्या.

"सुरुवात नाही वाचत?" मी विचारलं.

"पहिलं पान सगळेच नटवतात रे. मुलगी बघायला गेलं की पोहे चांगलेच मिळतात."

तेवढ्यात ग्रंथपाल म्हणाले, "लवकर ठरवा. कोणीच न नेलेली पुस्तकं उद्या काढून टाकतोय. त्या लेखकांचं पुढचंही मग घेत नाही आम्ही."

माझ्या कार्डावर एकच पुस्तक नेता येणार होतं. नदीचं मधूनच उघडलं. तिथे गाव चुकत होतं आणि नदीही. लेखकाने कोणाचीच बाजू नटवली नव्हती, म्हणून मी तेच घेतलं. चंद्रावरची रांग कपाटातच राहिली.

तुमच्या वाचनालयातल्या अशा कपाटापुढे या आठवड्यात उभे राहा. एक पुस्तक मधूनच उघडा, आणि बरोबर कोण हे कळलं नाही, तर तेच घरी न्या.