आईच्या कानातले तीन थेंब

फसवणूक माझ्या आईची झाली. गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, उदगीरला आमच्या घराच्या मागच्या पडवीत तिनं उजव्या कानात जाहिरातीतल्या तेलाचे तीन थेंब घातले. पत्रक कसं लिहायचं हे मला नीट शिकवलेलं आहे. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत, कधी झाला ते दुसऱ्या ओळीत, कुणी केला ते तिसऱ्या ओळीत. त्याच्यापुढं लोक वाचत नाहीत. तर तिसरी ओळ अशी आहे : तेल विकणारा कुठंतरी लांब बसला होता, आणि ती बाटली घरात आणणारा मी होतो.

आम्ही सात-आठ पोरं-पोरी मिळून खोट्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध काम करतो. पत्रकं छापतो, आठवडी बाजारात वाटतो, रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरतो. उदगीर, शिरूर अनंतपाळ, मुरुड, जिथं बाजार तिथं आम्ही. त्या भोंग्यानंच माझा घात केला. मुरुडच्या बाजारात गर्दी लई, म्हणून सलग चार दिवस भोंगा माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर बांधलेला होता. सरकव म्हणून कुणी सांगितलं तर मीच म्हणायचो, राहू द्या, आवाज लांब जायला पाहिजे. लोकांचं आरोग्य वाचवायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या कानाची अक्कल नव्हती. पाचव्या दिवशी भोंगा उतरवला, आणि कानातला उतरलाच नाही. बारीक, सरळ, न थांबणारी शिटी. कुकर चुलीवर विसरून घरातली सगळी माणसं बाहेर गेल्यासारखी.

लातूरला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि खरं ते सांगितलं : आतल्या नसेला इजा झाली आहे, हा आवाज हमखास बंद करणारं औषध नाही, मोठ्या आवाजापासून जपा, मन दुसरीकडं वळवायला शिका, हळूहळू त्रास कमी वाटायला लागतो. खरं बोलणारा डॉक्टर भेटावा म्हणून मी गावोगाव घसा फोडत होतो. तो भेटला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. "औषध नाही तर पाटी कशाला लावली?" असं म्हणून उठून आलो. आज लिहितानाही लाज वाटते.

आमचं घर लिंगायत. आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं आणि नजर त्याच्यावर ठेवून गप्प बसायचं. त्याशिवाय अन्न नाही. हे मी लहानपणापासून करत आलो, कधी मनापासून, कधी उरकून. पण शिटी सुरू झाल्यावर त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायला लागली. बाहेर शांतता झाली की आत ती चढायची. देवापुढं बसलो की देवाऐवजी तीच समोर यायची. मी मनात म्हणायचो, महादेवा, एवढा एक आवाज तुला बंद करता येत नाही? उत्तर कानात वाजतच होतं. शेवटी मी पूजा सोडली. सोडली असं सांगितलंही नाही. आंघोळ करून खोलीचं दार लावायचो, पाच मिनिटं मोबाईल बघायचो, कपाळाला भस्म ओढून बाहेर यायचो आणि आईनं वाढलेलं जेवायचो. जवळजवळ वर्षभर मी असं केलं. खोटी जाहिरात म्हणजे दुसरं काय असतं?

त्याच काळात आमच्या गटानं कानाच्या तेलावर पत्रक काढायचं ठरवलं. मथळा मीच दिला होता : 'कानात तेल की डोळ्यांत धूळ?' जाहिराती गोळा करत बसलो होतो. कुणी म्हणत होतं एकवीस दिवसांत आवाज बंद, कुणी म्हणत होतं पहिल्याच थेंबाला गुण. सगळ्या खोट्या आहेत हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि त्यातलीच एक बाटली मी मागवली. गटात सांगितलं, नमुना म्हणून पाहिजे. नमुना तपासायला माणूस खोलीचं दार लावून कानात तेल घालत नाही. मी दोन दिवस घातलं. आग झाली, शिटी तशीच. बाटली फेकायला हवी होती. ती मी मागच्या पडवीतल्या फळीवर मिठाच्या बरणीमागं ढकलली.

आईच्या उजव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक आहे. त्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही असं तिला सांगितलेलं, म्हणून आंघोळीला ती कापसाचा बोळा घालते. तेल घातल्यावर दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता भिंतीला धरून खाली बसली. कानातून पू येत होता आणि सगळं घर फिरतंय म्हणत होती.

"काय घातलंस कानात?" मी ओरडलो.

"तू आणलेलं."

"आई, ते कसलं तेल आहे ते तरी बघायचं!"

"मी काहून बघू? तू सगळ्या मुलखाला सांगत फिरतूस का असलं घिऊ नका म्हून. मंग तूच घरात आणलं म्हंजी पारखूनच आणलं असशील की."

तिनं जाहिरातीवर विश्वास ठेवलाच नव्हता. तिनं माझ्यावर ठेवला होता.

उदगीरच्या डॉक्टरांनी कान बघून चिठ्ठी दिली : लातूर नाहीतर नांदेड, पण उद्याच. लातूरच्या डॉक्टरांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून नांदेड. पहाटेची एसटी धरायच्या घाईत आईच्या पूजेची पिशवी घरीच राहिली. ते कळलं तेव्हा आम्ही नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो होतो, नंबर बराच मागं होता, अकरा वाजून गेले होते आणि आईनं पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. साखरेच्या आजाराची गोळी तिला काहीतरी खाऊनच घ्यावी लागते. मी बिस्किटाचा पुडा पुढं केला. तिनं मान हलवली. मी चिडलो, समजावलं, हातही जोडले. "देव समजून घेतो, आई." ती डोळे मिटून एवढंच म्हणाली, "त्यो घिईल समजून. माझा हात तोंडाकडं जाणार न्हाई." तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. त्या बाकावर मी महादेवाला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, पण मोकळेपणानं.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरून आमच्या लोकांचा नमस्कार ऐकू आला, "शरणार्थ, अक्का."

धोतर, सदरा, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, कानाला यंत्र. देगलूरचे मल्लिकार्जुनअप्पा, बायकोला दाखवायला आले होते. आईच्या गळ्यातला डबीचा दोरा बघून त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी काही न विचारता पिशवीतून भस्माची वडी काढली, तांब्याची लोटी काढली, कागदात गुंडाळलेली बेलाची पानं काढली. म्हणाले, "माझी पूजा एसटी स्टँडवर झाली. आज पानं जास्त तोडली गेली, काहून ते म्हाईत न्हाई." मग त्यांनी बायकोला बजावलं, "आमचा बी नंबर बघ, ह्यांचा बी बघ. कुणी मधी घुसलं तर बोंब मार. ते तुला चांगलं जमतंय." त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं तुमच्यासंगं काढली, जमंल न्हाई तर काय."

दवाखान्यामागं लिंबाखाली ओटा होता. नळावर हातपाय धुवून आईला तिथं बसवलं. तिनं लिंग तळहातावर घेतलं आणि हात थरथरायला लागला. चक्कर येत होती. लिंग खाली पडेल या भीतीनं तिनं मूठ मिटून छातीशी धरली. ज्याचं लिंग त्यानंच पूजायचं असतं, दुसऱ्याला ते हातात घेता येत नाही. मी नुसता बघत उभा होतो.

"तिच्या हाताखाली तुझा हात धर," अप्पा म्हणाले. "पण आधी तुझी पूजा कर. झाली न्हाई ना तुझी?"

मी झाली म्हणू शकलो असतो. वर्षभर म्हणतच होतो. का कोण जाणे, मी खाली बसलो आणि गळ्यातली डबी हातात घेतली. झाकण निघेना. चांदी काळी पडली होती, कडेला जुनं भस्म धरून घट्ट झालं होतं. नखानं खरवडलं, दातांनी ओढलं. शेवटी अप्पांनी किल्लीच्या टोकानं उचकटून दिलं. हे सगळं आईसमोर चाललं होतं. रोज पूजा करणाऱ्याची डबी अशी बसत नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी मान वर होईना.

"मला म्हाईत हाय रे," ती म्हणाली. "पूजा केली की दोरा वल्ला व्हतो. तुझा वर्सभर कोरडाच हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हून बसले व्हते."

पुढचं जसं घडलं तसं सांगतो. मी लिंगावर पाणी घातलं, भस्म लावलं, पान वाहिलं. शिटी नेहमीसारखी चढली. मी मान डावीकडं झटकली असेन, कारण अप्पा हसले. "वाजून राहिलंय व्हय? मी बी तशीच मान झटकतो. तीस वर्सं दालमिलमधी काढली. लई तेलं घातली बाबा, लसणाचं, आल्याचं, पेपरातलं. कानात भजी तळून निघाली असती. त्याला हाकललं की त्यो जास्त बोंबलतो. आता मी म्हणतो, बस बाबा तू बी, पूजा चाललीय."

माझी पूजा झाली. मग आईच्या हाताखाली हात धरला. तिच्या तळहाताचं वजन माझ्या तळहातावर आलं, थरथर माझ्यात उतरली आणि हळूहळू थांबली. पाणी तिच्या बोटांमधून माझ्या बोटांवर आलं. ती पुटपुटत होती, मी पुटपुटत होतो. त्या दिवशी मी काही मागितलं नाही, आवाज बंद कर असंही म्हणालो नाही. हात हलू नये एवढंच लक्ष होतं. "झालं," असं आई म्हणाली तेव्हा मी भानावर आलो, आणि तेव्हाच शिटी पुन्हा ऐकू आली. म्हणजे मधला काही वेळ ती मला ऐकू आली नव्हती. ती थांबली होती, का मीच तिच्यापाशी नव्हतो, हे मला सांगता येणार नाही. मी त्याचं पत्रक काढणार नाही. मला ते मिळालं, एवढंच.

आईनं बिस्किटं खाल्ली, गोळी घेतली. आम्ही परत आलो तेव्हा अप्पांच्या पत्नी एका तरण्या पोराशी आमच्या नंबरासाठी भांडत होत्या. डॉक्टरीणबाईंनी कान साफ केला, बाटली बघितली, आत काय आहे ते लिहिलेलंच नाही म्हणाल्या. "हे कुणी दिलं?" मी म्हणालो, "मी आणलं." एवढं वाक्य बोलायला मला आजवरच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बळ लागलं. त्या म्हणाल्या, वेळेत आलात, नाहीतर जंतू आत पसरले असते. महिनाभर औषध चाललं. पू थांबला, चक्कर गेली. त्या कानानं आईला आधीपेक्षा कमी ऐकू येतं. ते परत येणार नाही. महादेवानं ते परत दिलं असं मी लिहिलं तर मीही त्या तेलवाल्यांच्या रांगेत जाऊन बसेन.

नंतर मी लातूरच्या डॉक्टरांकडं जाऊन माफी मागितली. गटासमोर सगळं सांगितलं. दोघं सोडून गेले, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. माझी शिटी चालू आहे. पूजेला बसलो की तीही येते. मी तिला हाकलत नाही. शरण जायचं म्हणजे सगळं सोसत पडून राहायचं असं मला पूर्वी वाटायचं, आणि त्या शब्दाचा राग यायचा. आता एवढं कळतं की माझ्या बाजूचं खोटं मी खाली ठेवलं, तेव्हाच माझे हात दुसऱ्याच्या हाताखाली धरायला रिकामे झाले. अप्पांचा ऋणी आहे. आईचा तर आहेच.

परतीच्या एसटीत मी आईला विचारलं होतं, "तुझ्या कानात असं होत तरी काय होतं, तेल घालण्यासारखं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चक्की चालल्यावानी घरघर. लई वर्सांची हाय."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?"

"कुणी इचारलं?"

लोकांच्या कानांसाठी मी गावोगाव ओरडलो होतो. घरातल्या कानाला कधी विचारलं नव्हतं. म्हणून माझी तुमच्याकडं एक मागणी आहे, आणि ती विनंती समजू नका. तुमच्या घरात आई असेल, बाप असेल, गिरणीत किंवा दालमिलमध्ये कामाला जाणारं कुणी असेल. आज जेवायच्या आधी त्यांच्यासमोर बसा आणि विचारा : तुमच्या कानात काही वाजतं का? 'काही नाही' असं उत्तर आलं तर उठू नका. पुन्हा विचारा. आणि उद्या त्यांना खऱ्या डॉक्टरकडं घेऊन जा, स्वतः, हात धरून.