तबकडीची आणेवारी

लातूर नुकतेच जिल्हा झाले होते आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता, त्या दिवसांत मी आयुष्यातली पहिली नोकरी धरली. नायगावच्या आमच्या घरात शिकत राहणे हेच मोठे काम समजले जाई. त्यामुळे दोन विषयांत एम. ए. आणि वर ग्रंथालयशास्त्राची पदवी होईपर्यंत सरकारी नोकरीचे वय जवळजवळ संपले होते. नव्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात वर्षभरानंतर मला कायम केले नाही, तर दुसरीकडे अर्ज करण्याची सोय उरणार नव्हती.

ग्रंथालय एका डाळमिलच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांत होते. पुस्तक उघडण्याआधी त्यावरचा तुरीचा भुसा पुसावा लागे. तिथे एका निवृत्त डॉक्टरांनी रेकॉर्ड प्लेअर आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या काही तबकड्या भेट दिल्या. नोंदवहीत प्रत्येकीची लय, मूळ स्वर आणि भाव असे तीन रकाने होते; शेवटी शेऱ्याचा वेगळा. इतरांची माहिती वेष्टनांवरून उतरवता आली. एका तबकडीला मात्र वेष्टनच नव्हते. तिच्या मधल्या कागदावर गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले पितळी वाद्य छापले होते आणि भोवती मला न वाचता येणारी अक्षरे होती.

आमचे साहेब महसूल खात्यातून आलेले होते. रिकामा रकाना त्यांना पडीक जमिनीसारखा सलत असे. सोमवारपर्यंत तिन्ही रकाने भरा, तुमचा अहवालही सोमवारीच लिहायचा आहे, असे ते सहज बोलून गेले. मला तो सहजपणा दोन दिवस पुरला.

एवढे शिकूनही मला स्वर ओळखता येत नव्हता, म्हणून मी गल्लीतल्या बँडमास्तरांना विनंती केली. दुष्काळाने लग्ने पुढे गेली होती. ते क्लॅरिनेट घेऊन लगेच आले. सकाळी दहा वाजता त्यांनी तबकडी डोळे मिटून ऐकली, क्लॅरिनेटवर स्वर लावून पाहिला आणि निर्णय दिला : हार्मोनियमची काळी दोन, मध्य लय, वीर भाव. वरात मांडवातून निघताना वाजवावे असे हे काम आहे, असेही ते म्हणाले. दुपारी साहेबांनी तीच तबकडी ऐकली. तेव्हा स्वर पांढरी एकवर आला होता, लय विलंबित झाली होती आणि ते वाद्य हंबरत होते. मास्तरांनी क्लॅरिनेटची जिभली काढून पाहिली, पुन्हा बसवली आणि खजील होऊन घरी गेले.

कारण मला दुसऱ्या दिवशी कळले. खिडकीखाली बोअर होती. अकरा वाजता गल्लीच्या पाण्यासाठी तिची मोटर सुरू झाली की आमचा दिवा पिवळा पडे आणि तबकडी संथ फिरू लागे. मी हे मास्तरांना सांगितले. साहेबांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तुम्ही ऐकले ते चूक, असे साहेबांना कसे म्हणायचे?

साहेबांनी त्यांच्या खात्याच्या पद्धतीने मार्ग काढला. मतभेद आहे ना, मग पंचनामा करा. पीक पाहताना आणेवारी काढतात, पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी. तशीच आनंदाची काढायची आणि पन्नासच्या आत आली तर भाव शोक लिहायचा. सोमवारी भर दुपारी पाच पंच जमले : बँडमास्तर, डाळमिलचे मुनीम, समोरचे शिंपी, आमचे शिपाईमामा आणि पाण्याच्या टँकरचा चालक. मोटर घरघरत होती.

"हे लई रडून राहिलं, साहेब," चालक म्हणाला. "माझे वीस पैसे धरा."

मुनिमांनी तीस दिले. शिंप्यांनी नमुना पुन्हा ऐकला आणि चाळीस दिले. शिपाईमामांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत पंचेचाळीस दिले. मास्तर त्या पहिल्या सकाळच्या आठवणीला जागून ऐंशीवर अडले. सरासरी त्रेचाळीस आली.

मग मी बोलले. इतक्या हळू, की साहेबांनी तीनदा विचारले.

"साहेब, मोटर थोडी बंद करून एकदा ऐकावी."

साहेबांनी खिडकीतून तसे खाली सांगितले. पाण्याच्या रांगेतल्या पहिल्या म्हातारीने वर पाहिले, पण साहेबांकडे नव्हे, माझ्याकडे.

"बाई, तुमची पेटी हसती का रडती बघायला आमचं पाणी बंद करता व्हय? एवढ्या घागरी हायेत मागं. रडू द्या तिला घडीभर."

मी म्हटले, त्यांचे बरोबर आहे. नोंदवहीत पांढरी एक, विलंबित आणि शोक असे लिहिले गेले. पंचांनी सह्या केल्या, मामांनी अंगठा दिला, आणि तबकडी तशीच फिरत राहिली. तेवढ्यात शेवटची घागर भरली असावी. मोटर थांबली, दिवा पांढरा झाला, आणि हंबरणारे ते वाद्य चालता चालता ताठ उभे राहिले. मास्तरांचा पाय ठेका धरू लागला.

"साहेब, माझे ऐंशी करा," चालक म्हणाला.

"सह्या झाल्यात," साहेब म्हणाले.

नोंदवही माझ्यापुढे होती आणि शेऱ्याचा रकाना रिकामा होता. कुणी सांगितलेले नसताना मी लिहिले : वरील नोंद मोटर चालू असतानाची. बंद असताना काळी दोन, मध्य लय, वीर. फेरपाहणी व्हावी. खाली सही केली आणि वही साहेबांपुढे सरकवली. त्यांनी शेरा दोनदा वाचला, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि माझा अहवाल लिहायला घेतला.

मी कायम झाले. अहवालातले एक वाक्य जिल्हा कचेरीतल्या हेडक्लार्कनी मला पुढे हळूच वाचून दाखवले : कर्मचारी ऐकतात बरोबर, परंतु सांगतात उशिरा.

फेरपाहणीचा आदेश मी निवृत्त होईपर्यंत आला नाही.