हललेले पिंपळपान

निर्मलाताई खंडारे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते कूलर बंद करताना. अकोल्यातल्या एका शाळेत, भर मे महिन्यात, कलाशिक्षकांसाठी शुभेच्छापत्रांची कार्यशाळा होती. मी अमरावतीहून एसटीने घामाघूम होऊन पोचलो होतो आणि मोक्याची जागा हेरून कूलरसमोर बसलो होतो. ताई आत आल्या, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी बटण बंद केले आणि म्हणाल्या, "तुमाले गरम होते, हे मले समजते. पण या ओल्या हवेनं कागद फुगून राह्यला. फुगल्या कागदावर शाई पसरते." घाम कार्डावर पडू नये म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना कपाळाला दुपट्टे बांधायला लावले. अकोल्याचा मे ज्याने भोगला आहे त्यालाच आमची दशा कळेल. मी मनातल्या मनात त्यांना बरेच काही बोललो. संध्याकाळी माझ्या हातून पिंपळपानाचा पहिला स्वच्छ ठसा उमटला आणि मी त्यांचा विद्यार्थी झालो तो कायमचा.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात रडगाणे नको, असे संपादकांनी मला बजावले आहे. प्रयत्न करतो.

ताईंच्या कामाला लागते ते इतकेच : जाड कागद, स्टँपपॅड आणि हाताने कोरलेला ठसा. ठसा त्या रबरी चपलेच्या तळव्यातून कोरतात, कारण ते रबर मऊ असते आणि ब्लेडचे ऐकते. चांदूर रेल्वेच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची कार्डे ताईंकडे करायला दिली होती. ठसा चपलेचा आहे हे कळताच ते उखडले. "चपलेनं कलश छापता काहून, बाई?" ताईंनी शांतपणे कपाट उघडले. आत कोऱ्या चपलांचे जोड रचून ठेवलेले होते. "भाऊ, ह्या कोनाच्याच पायात गेल्या नाईत. ठशासाठीच घेतो मी. माह्या पायातली पाहा, तिच्या पट्ट्याले पिन लावेल हाये." गृहस्थांनी पाणी मागितले, आणि कार्डे ताईंकडेच झाली.

ठसा मारण्याची त्यांची शिस्त कडक. ठसा ठेवायचा, तळहाताचा भार द्यायचा आणि सरळ वर उचलायचा. जरा हलला की एका पानाची दोन पाने दिसतात. असे हललेले कार्ड ताईंनी आजवर कोणाला पाठवले नाही. फेकलेही नाही. ते त्यांच्या टोपलीत जाते. "हललेलं माह्यं, चांगलं तुमचं," असे त्या म्हणतात आणि त्यावर वाद घालू देत नाहीत.

दर बुद्धपौर्णिमेला ओळखीच्या प्रत्येक घरी त्यांचे पिंपळपान जात असे. आमच्या घरी माझी आई ते देव्हाऱ्याशेजारी ठेवायची आणि वर्षभर हलवू द्यायची नाही. आई गेली तेव्हाही ताईंचे कार्ड आले. उघडले तर कोरे. मला क्षणभर रागच आला. मग सहज बोट फिरले आणि पान हाताला लागले. ओलसर जाड कागदावर ताईंनी शाई न लावताच ठसा दाबला होता. त्या कार्डावर मी जितका रडलो तितका स्मशानातही रडलो नव्हतो.

आता ताईंचा उजवा हात थरथरतो. औषधाने थोडा आळा बसेल, जायचे मात्र नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ताई रोज बसतात, रोज ठसा मारतात आणि प्रत्येक कार्ड हलते. टोपली केव्हाच भरली, आता शेजारी खोके ठेवले आहे. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला कोणाच्याच घरी कार्ड आले नाही. मोबाइलवर मात्र पहाटेपासून कमळे येत होती. आम्ही विद्यार्थी म्हणालो, ताई, तुमचा हात आम्ही धरतो. त्या म्हणाल्या, "मंग ते तुमचं कार्ड झालं. माह्या नावानं कायले धाडता?" आणि आमचे कार्ड तरी कुठे आहे? आम्हा बहुतेकांची पॅड कपाटात वाळून दगड झाली आहेत. ताईंनंतर हे काम कोण करील, असे मला विचारू नये. कोणी करणार नाही.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी एक पिंपळपान मागायला मी मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो. ताईंनी कूलर बंद केला, कागद घेतला, डावा हात उजव्यावर घट्ट दाबून ठसा ठेवला आणि उचलला. दोन पाने. दुसऱ्यांदाही तेच. मी भिंतीकडे पाहत बसलो. कार्डे खोक्यात टाकून त्या म्हणाल्या, "भाऊ, कोरंच छापा." कॉम्प्युटरवर दुसरे पान पुसून घेऊ, असे ग्रंथाच्या समितीतल्या एकाने सुचवले, तेव्हा मी त्याच्यावर नको इतका ओरडलो. मुखपृष्ठ कोरे आहे ते म्हणून. ताईंना ओळखणारे लोक त्यावरून बोट फिरवून पाहतील. काही लागणार नाही.

ताई, अशा लेखाच्या शेवटी निरोगी आयुष्य चिंतायचे असते. हाताचे आपल्या दोघांनाही माहीत आहे, म्हणून तेवढे खोटे लिहीत नाही. बाकी तब्येत ठणठणीत राहो, जेवण गोड लागो, झोप शांत येवो आणि तुम्ही शंभरी पाहा. आणि एकदाच तुमचा नियम मोडा. खोक्यातले एक कार्ड आमच्या घरी पाठवा. देव्हाऱ्याशेजारची जागा मी रिकामी ठेवली आहे. तुम्ही पाठवणार नाही, हेही जाणून आहे. तरी दर बुद्धपौर्णिमेला मी पोस्टमनची वाट पाहणार, आणि त्यासाठी तुम्ही असायला हव्यात.