शी-सर आणि पहिल्या बेसची पट्टी

सरांच्या तोंडून आधी 'शी!' निघायचं. चहा गोड झाला, शी! कुणी मैदानात थुंकलं, शी! निर्णय देतानाही आधी शी, मग हात. कर्जतच्या शाळेत ते आमचे पीटीचे मास्तर आणि तालुक्यात बेसबॉलचे अंपायर. आम्ही मुलींनी त्यांना शी-सर करून टाकलं होतं.

पहिल्या बेसकडे जाणारी पट्टी ते स्वतः फक्कीने आखायचे. वाटेत शेण असलं की नाक मुरडत स्वतःच उचलायचे. बॅटिंग करून पळणारीने शेवटचं अर्धं अंतर त्या पट्टीतून पळायचं असतं. "पण अगं, नुसती पट्टी सोडणं हा गुन्हा नाही," मला अंपायरिंग शिकवताना ते सांगायचे. "चेंडू झेलणारीला आडवं येणं हा गुन्हा."

साजगावच्या फायनलला मी त्यांच्या जोडीला होते. शेवटची पाळी, बरोबरी. ठाकूरवाडीची एक पोरगी पट्टीबाहेरून पळाली. पण कॅचरने चेंडू असा भिरकावला की पहिल्या बेसवर झेलायला उभी असलेली पोरगी शिडी लावूनही पोचली नसती. तेवढ्यात तिसऱ्या बेसवर थांबलेली ठाकूरवाडीचीच दुसरी पळत होम बेसला पोचली, धाव झाली आणि शेठची टीम हरली. शेठ म्हणजे स्पर्धेचा मांडव, जेवण आणि ढाल देणारे कुंभिवलीचे गृहस्थ. ते तरातरा मैदानात आले.

"ओ सर, पोरगी पट्टीच्या भाईर व्हती. आऊट द्या, नायतर पुढच्या वर्षी तुमी नाय."

"शी! आडवी कुणाला आली?" सर टोपी झटकून निघून गेले. शाळेबाहेर अंपायरिंग सोडून त्या माणसाला दुसरं काही नव्हतं, आणि ते गेलं. जिंकलेल्या टीमचे मास्तरसुद्धा शेठच्या मांडवात मुकाट्याने जिलेबी खात बसले. त्या पंगतीची मला अजून किळस येते.

यंदा सरांच्या जागी मला बोलावणं आलं. "जा, नाहीतर कुणीतरी हुजऱ्या उभा करतील," सर म्हणाले आणि स्वतः कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले. शेठची नात पट्टीबाहेरून पळाली. चेंडू तसाच डोक्यावरून गेला. समोरच्या टीमने आऊट मागताच शेठच ओरडले, "पट्टी सोडणं गुन्हा नाय! आडवी कुणाला आली?"

मी सेफ दिलं. दुसरं काही देताच येत नव्हतं.

सामना संपल्यावर कुंपणाशी गेले. सरांकडे बघवेना. "शी!" मीच म्हणाले.

सर खुदकन हसले. "निर्णय बरोबर दिलास. पण शी आधी म्हणायचं असतं गं. मग हात."