बाईंचा पहारा

बाई कुणाच्याही घरी गेल्या तरी नमस्काराआधी बेसिन गाठत. हात धुऊन, पुसून, मगच ते जोडत. चंडीगढमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत, मूळच्या सोलापूरच्या. एका सरकारी संशोधन संस्थेत काचेच्या बशांमधून जंतू वाढवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. “मी त्यांना पोसलंय, भाऊसाहेब. त्यांना काय आवडतं ते मला विचारा,” असे त्या म्हणत.

माझ्या पत्नीची केमोथेरपी सुरू झाली. तिची प्रतिकारशक्ती संपत आली आहे, साधा संसर्गही जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले. त्याच सायंकाळी बाईंनी, कुणाला न विचारता, आमचे स्वयंपाकघर ताब्यात घेतले. भांडी घासायचा जुना स्पंज कचऱ्यात गेला. ओट्यावरची फडकी रोज उकळून उन्हात वाळू लागली. कच्च्या कोंबडीची सुरी वेगळी झाली. आमच्याकडे कामाला येणारी जसबीर वैतागली, “बाईजी, ये घर है कि अस्पताल?”

“अस्पताल न जाना पड़े, इसलिए,” बाई म्हणाल्या.

मी फौजेत उंचावरच्या ठाण्यांवर राहिलेला माणूस. थंडी अन्न राखते, हा माझा अनुभव. जानेवारीत एकदा मी उरलेल्या भाताचे पातेले रात्रभर गॅलरीत ठेवले. सकाळी पत्नीला फोडणीचा भात हवा होता. कित्येक दिवसांनी तिने स्वतःहून काही मागितले होते. बाई आल्या तेव्हा पातेल्यावर ऊन आले होते. त्यांनी भात सरळ कचऱ्यात ओतला.

“फोडणीत तापलाच असता,” मी म्हणालो.

“भातात एकदा विष झालं की ते तापवून जात नाही. हे तुमचं ठाणं नव्हे.”

पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंनी ताजा भात लावला, ताटात मोकळा केला, फोडणीला टाकला. पत्नीने घास घेतला. “शिळ्याची चव नाही हो याला.”

“चव नसू दे. तू असू दे.”

मार्चमध्ये तिला ताप भरला. रुग्णालयात चौथ्या दिवशी ती गेली. रक्तात जंतू सापडले होते. डॉक्टरांनी मला समजावून सांगितले: जंतू तिच्याच आतड्यातले होते, औषधांनी आतड्याचे अस्तर सोलवटले आणि तिथून ते रक्तात शिरले. घरातल्या कुणाचीही चूक नव्हती.

तेरावे झाल्यावर बाई खाली आल्या. सोलापूरला भावाकडे त्या कायमच्या निघाल्या होत्या. दारातच त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, खरं सांगा. माझ्याकडून काही राहिलं होतं का?”

उत्तर मला ठाऊक होते. मात्र त्या दिवशी पत्नीविषयी एक शब्द काढला असता, तर मला स्वतःला आवरता आले नसते. मी म्हणालो, “तुमची गाडी चुकेल.”

बाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या.

पावसाळ्यात मी सोलापूरला फोन लावला. ऐनवेळी शब्द अडतील म्हणून सांगायचे ते कागदावर लिहून घेतले होते. फोन भावाने उचलला. बाईंना जाऊन आठ दिवस झाले होते.

“तुमच्या मिसेस कशानं गेल्या, हे ताई सारखी विचारत होती,” तो म्हणाला. “तुम्हाला कळलं होतं का?”

मी कागद वाचून दाखवला.