खळीचा वास

तक्रार करणाऱ्या माणसाला गोड बोलून गप्प कसं बसवायचं, हे मला चांगलं जमतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका खोलीत बसून मी जाहिरातींचा मजकूर लिहिते, बिल्डरपासून बेदाण्यापर्यंत कुणाचाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाला द्यायच्या उत्तरांचे तयार नमुने माझ्याकडे असतात. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" हे वाक्य मी किती जणांना विकलं असेल, देव जाणे. ते वाक्य पाठवणाऱ्याने समोरच्याचं पत्र शेवटपर्यंत वाचलेलं नसतं, हे मात्र खात्रीने सांगते.

जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या भागात, एक म्हातारे गृहस्थ घोंगड्या विणायचे. मी त्यांना मामा म्हणायची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, लोकर घरची, आणि सोप्यात जमिनीत खड्डा खणून बसवलेला माग. आसपासच्या बाजारात मामांच्या हातची घोंगडी म्हटली की लोक उलगडूनही बघत नसत, तशीच खांद्यावर टाकून नेत. हे नाव हीच त्यांची कमाई. मला वाटलं, ही कला जगाला कळली पाहिजे. माझ्यासारख्यांना असं फार पटकन वाटतं. मी इंटरनेटवर लोकवर्गणीची मोहीम काढली. लोकांनी आधी पैसे भरायचे, त्यातून लोकर आणि मागाची दुरुस्ती व्हायची, आणि गणपतीच्या आत प्रत्येकाला घोंगडी घरपोच. मामांच्या सुरकुतलेल्या हातांचे फोटो टाकले. शहरातल्या लोकांनी भराभर पैसे भरले. गणपतीची मुदत मी मामांना न विचारताच छापून टाकली होती.

श्रावणात गेले तर माग बंद. घोंगडीचे उभे धागे ताणून त्यांना विणण्याआधी खळ लावतात, म्हणजे चिंचोके वाटून शिजवलेली चिकट पेज. ती कडक उन्हात वाळली तर धागा धरून राहतो, नाहीतर आंबते.

"आभाळ निवळू द्या, ताई," मामा म्हणाले. "खळ वाळंना. दसऱ्याला देतो."

"मामा, तुमच्याकडे पाऊस तरी कुठे पडतो?"

"पाऊस न्हाई, पर आभाळ हाय की."

खरंच होतं ते. महाबळेश्वरावर रिकामे होऊन आलेले ढग पूर्वेला नुसती सावली धरून बसतात. गावात टँकर येतो, ऊन येत नाही. सांगलीत राहून मला एवढंही ठाऊक नव्हतं.

"लोकांना शब्द दिलाय, मामा."

"शबुद तुमी दिलाय. ऊन म्या द्यायचं व्हय?"

मला हे इतकं आवडलं की कुठेतरी वापरता येईल म्हणून फोनवर टिपून ठेवलं. ऐकलं मात्र नाही. आठवडाभर रोज फोन केले. माग माझ्या मोहिमेतून दुरुस्त झाला होता, त्याचं ओझं मामांवर होतंच, आणि ते मला पुरतं माहीत होतं. शेवटी त्यांनी आणि सुनेने चुलीच्या धगीवर धागे सुकवले आणि विणायला घेतलं. मी घोंगड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, वर लाल फीत बांधून कुरिअरने पाठवल्या. मुदत पाळली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

मोहिमेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, पहिला संदेश साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांचा आला. "मॅडम, घोंगडी मिळाली. मेंढराचा वास असता तर हरकत नव्हती, तो असायचाच. हा आंबलेल्या खळीचा वास आहे. पावसाळ्यात विणली का?"

एवढा नेमका प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नसेल. माझ्याकडे दोन अक्षरांचं खरं उत्तर होतं: होय. मी लिहिलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी लिहिलं, हाताने केलेल्या वस्तूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. लोकर कशाशी खातात हे या माणसाला मी शिकवत होते! त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा संदेशच काढून टाकला. मग चौथा, पाचवा, निरनिराळ्या माणसांचे संदेश यायला लागले. कुणाच्या घोंगडीवर बुरशी होती, कुणाचे धागे सुटत होते. माझा तोल गेला. मी भित्री आहे आणि भित्र्या माणसाला राग लवकर येतो. त्या दुपारी मी सगळ्या वर्गणीदारांसाठी त्याच पानावर, मामांच्या फोटोखाली, एक निवेदन लिहिलं. कारागीर वयस्कर आहेत, हात आता पूर्वीसारखा चालत नाही, थोडं कमीजास्त होणारच, माणुसकीने घ्या.

फार सुंदर उतरलं होतं. खाली लाल बदामांचा पाऊस पडला. एका बाईंनी सुभेदारांना झापलं, "गरीब म्हाताऱ्याला छळता, लाज नाही वाटत?" त्यावर मीही एक बदाम दाबला. कुणीही पुन्हा खळीचं नाव काढलं नाही.

दसऱ्यानंतर पेढे घेऊन मामांकडे गेले. ऊन कसं लख्ख पडलं होतं, आणि मागावर पोतं टाकलेलं होतं. मामांनी बसायला सांगितलं, पेढ्यांचा पुडा हातात घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. सून चहा टाकायला उठली, ती माझ्याकडे न बघता. तिच्याच मोबाईलवर ते निवेदन फिरत फिरत आलं होतं. सासऱ्यांचा फोटो आहे म्हणून हौसेने तिने ते शेजारच्या बायकांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं होतं, आणि मध्येच थांबायची सोय राहिली नव्हती. पुढच्या बाजारात लोक मामांना विचारायला लागले, हात गेला म्हणं? ज्यांनी कधी घोंगडी उलगडून बघितली नाही, ते आता काठ चिमटीत धरून ओढून बघत होते.

"म्या तुमाला आदी सांगितलं व्हतं का न्हाई?" मामांनी विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग त्यास्नी का न्हाई सांगितलं?"

मी उठून पुढे झाले. पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

घरी येऊन मी त्याच पानावर चार ओळी लिहिल्या. पावसाळ्यात विणू नका असं मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, प्लास्टिकमध्येही मीच कोंबल्या, त्यांच्या हाताचा काही दोष नाही. चार ओळींना संध्याकाळ झाली, कारण मधे मधे माझी नेहमीची गोड वाक्यं उगवत होती आणि ती खोडावी लागत होती. काहींनी पैसे परत मागितले, काहींनी यथेच्छ शिव्या दिल्या. बदाम मोजून तीन. सुभेदारांनी फोन केला, म्हणाले, "पयल्याच दिवशी व्हय म्हनला असता, तर म्या उन्हात टाकून वापरली असती. भांडान कशाला केलं असतं? त्या म्हाताऱ्याचं गाव सांगा."

ते एसटीने, दोन गाड्या बदलून, घोंगडी काखेत मारून मामांकडे गेले. मामांनी ती धुतली, विणलेल्यावरच नव्याने खळ दिली, उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यावर घातली. सुभेदार मुक्कामाला राहिले होते. हे मला सुनेकडून कळलं, तेही मीच फोन केला म्हणून.

मला आशा वाटली. बाकीच्या घोंगड्याही परत मागवते, असं सांगायला मी पुन्हा गेले. मामा मागाच्या खड्ड्यात माती लोटत होते. खड्डा निम्म्याच्या वर भरला होता.

"मामा, सुभेदारांची दुरुस्त करून दिलीत की. माझ्यासाठी एवढं करा. तुमचं नाव पुन्हा होईल."

त्यांनी खोरं टेकवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"घोंगडी धुता येती, ताई. तुमी लिवल्यालं कुठल्या पान्यानं धुवू?"

आणि उरलेली माती ओढायला ते पुन्हा वाकले.