फलश्रुती नसलेलं पुस्तक

ये बाई, इथं जवळ बस, निदान हे वाचतेस तोवर तरी. दारातूनच पुस्तकांची पिशवी आत सरकवायची, स्कूटी बंदसुद्धा करायची नाही आणि "आत्या, घाईत आहे गं" म्हणत पळायचं, ही काय रीत झाली? विष्णुपुरीला कॉलेजात शिकवतेस, तिथून नांदेड असं काय दूर आहे? माझ्या भावाची लेक तू, पण तुझ्यापेक्षा तुझी पुस्तकंच माझ्याकडं जास्त मुक्कामाला असतात. राहोत बापडी. पण यावेळच्या पुस्तकांनी मला लई बेजार केलंय, ते तुलाच सांगायला पाहिजे.

मी वाचायला शिकले ती पोथीवर. मुखेडला लग्न होऊन आले तेव्हा अक्षरं कशीबशी ओळखायची. श्रावणात दुपारी गल्लीतल्या बाया जमायच्या. माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, पोथी वाचायच्या. त्यांच्या बोटाखाली बघून बघून मला वाचन आलं. पोथीला नियम असतात बघ. हातपाय धुऊन बसायचं. अध्याय अर्धा टाकायचा नाही. एकदा लावली की पुरी करायची, आणि पारायण चालू असताना गाव सोडायचं नाही. शेवटी फलश्रुती असते, वाचणाऱ्याला काय मिळणार, ऐकणाऱ्याला काय मिळणार, सगळं सांगितलेलं. उठताना मनात शंका राहायची नाही.

आता अक्का लातूरला एकट्याच राहतात. भावजी गेले, आणि डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून त्यांना अक्षर लागत नाही. म्हणून दुपारी घरातले सगळे कामाला गेले की मी फोन लावते, आणि वाचते. त्या तिकडून 'हं' म्हणतात. हं आलं नाही की समजायचं, डोळा लागला.

आधी तुझं कवितांचं पुस्तक लावलं. पानावर चार ओळी, बाकी सगळं कोरं. तसं सांगितल्यावर अक्का म्हणाल्या, "कागद लई वाया घातला की. मधी मधी लिहायचं राहिलंय का त्याचं?"

"न्हाई अक्का, कविता अशाच असतात आता."

"बरं. वाच मग."

एका कवितेत नुसती दाराची कडी होती. वाऱ्यानं ती वाजते, घरातली बाई उठून जाते, दारात कुणी नसतं. झाली कविता. मला तर काही कळलं नाही. कोण बाई, कुणाची वाट बघते, पत्ता नाही. तिकडून हंसुद्धा आलं नाही. झोपल्या वाटून मी फोन ठेवणार, तर म्हणाल्या, "तेच म्हण पुन्हा." पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा म्हणायला लावलं.

"हे लिहिणारी लातूरची हाय का गं?"

"तसं काही लिहिलेलं न्हाई. तुम्हाला कळलं का अक्का यातलं?"

"कळतंय कुठं? ऐकू येतंय."

आजही ती कविता काढून बघते. कडीच आहे नुसती.

मग ती कादंबरी. अक्कांचा मुलगा पुण्याला असतो, तुला माहीत आहे. दिवाळीपासून मागं लागलाय, आई, घराला कुलूप लाव आणि इकडं चल. अक्का हो म्हणेनात, नाही म्हणेनात. कादंबरी सुरू झाली आणि त्यांना कारण सापडलं. मुलाला म्हणाल्या, "पारायण चालू हाय. मधी गाव सोडता येत न्हाई. पुरं झालं की सांगते." त्याला वाटलं पोथीच असेल. बिचाऱ्यानं विषय सोडला.

आणि कादंबरी निघाली कुणाची? एका म्हाताऱ्या बाईचीच! तिचाही मुलगा शहरात, तिलाही बोलावणं. पहिल्याच दिवशी वाटलं, हे बंद करावं. पण लावलेलं टाकायचं कसं? शेवटच्या पानावर ती बाई पिशवी घेऊन स्टँडवर उभी. एसटी येते. बाई पिशवी खाली ठेवते, पदर खोचते. संपलं!

मी पान उलटलं तर कोरं. मला वाटलं, शिलाई सुटून पुढची पानं गळाली. घाईघाईत अक्कांचा फोन ठेवला आणि तुला लावला. तू हसलीस. "आत्या, ते तसंच संपतं. पुढचं वाचणाऱ्यानं ठरवायचं." अगं, वाचणाऱ्यानं ठरवायचं, तर लिहिणाऱ्यानं केलं काय?

परत अक्कांना फोन लावला.

"हं, वाच फलश्रुती."

"याला न्हाई अक्का."

"न्हाई म्हंजे? मग गेली का ती?"

"लिहिलेलं न्हाई. पण पिशवी खाली ठेवली, म्हंजे न्हाईच गेली बहुतेक."

"हात दुखला असंल. पदर खोचला म्हणलीस की. चढायलाच खोचला."

"घरी वापस चालायलाबी खोचतात की अक्का."

"कशी वाचून राहिलीस धाकटे? हेच शिकवलं का मी तुला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगं ऐतवारी येऊन राहिलंय. आता त्याला काय सांगू?"

तेव्हापासून मी ते पान उघडून बसते. गेली म्हणावं, तर अक्का जातील. जाऊ देत ना, तिथं सून आहे, दवाखाना जवळ आहे. मागं दूध उतू जाऊन गॅस विझला, तो वास आल्यावर त्यांना कळला. नाही गेली म्हणावं, तर त्या आपल्या घरात आपल्या मर्जीनं राहतील, आणि माझी दुपार मला राहील. मग मी हे त्यांच्यासाठी म्हणते का माझ्यासाठी? पुण्यालाही फोन लागतो म्हणा. पण सुनेच्या घरात बसून त्या असलं मोकळेपणानं ऐकतील का? कधी वाटतं, ऐकतील. कधी वाटतं, हं म्हणायलाही लाजतील.

काल अक्कांचाच फोन आला. मुलाला सांगून बसल्या, शेवटचा अध्याय राहिलाय. तो म्हणाला, मग शनिवारीच येतो, तुला नांदेडला काकूकडं सोडतो, तिथं पुरं कर आणि ऐतवारी काय ते सांग. म्हणजे आता पाहुणी माझ्या घरी, आणि उत्तरही माझ्याच घरात द्यायचं.

"तुझ्या त्या भाचीला बोलव," अक्का म्हणतात. "शिकलेली हाय. तिच्या तोंडून ऐकते ते पान. तुझ्या वाचण्यावर माझा भरवसा न्हाई."

तर बाई, शनिवारी ये. पान तेच, तुझ्या तोंडून त्यातून वेगळं काय निघणार, मला समजत नाही. 'गेली का' असं त्यांनी विचारलं, तर 'वाचणाऱ्यानं ठरवायचं' असं मला जे सांगितलंस ते त्यांना सांगू नकोस. की सांगावंस? तेही मला कळेना. भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी करते, जेवायलाच ये. आणि अक्कांना घेऊन त्यांचा मुलगा यायच्या आत ये, त्याला अजून ही पोथीच वाटते.